सीएसआरचा आकडा बाजूला ठेव

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

बँकांमधली स्पर्धा, नफा आणि सामाजिक जबाबदारी यांवरचा तुझा अहवाल वाचला. स्पर्धा आणि नफ्याचे तक्ते नेटके झालेत. पण सामाजिक जबाबदारी मोजायला तू सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च घेतलास, ते मला पटलं नाही. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्क्यांचं कलम १३५ कंपनी कायद्यातलं. ते खासगी बँकांना लागतं. राष्ट्रीयीकृत बँका वेगळ्या कायद्याने उभ्या राहिल्या, म्हणून तुझी तुलनाच लंगडी पडते. शिवाय शाळेला बाकं दिली म्हणून बँक जबाबदार होत नाही (फोटो मात्र झकास येतात). कर्ज कोणाला दिलं ते बघ.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चक्कर मार. टॉवेलचा धंदा बरा चाललेल्या कारखानदाराकडे बँकवाले स्वतः खेटे घालतात आणि तो घासाघीस करून व्याज खाली आणतो. स्पर्धेचा हा फायदा खरा आहे, तो खोडू नकोस. पण तिथे मार्जिन सुटलं नाही की शाखेचा मॅनेजर सोनेतारण आणि पगारदारांकडे वळतो. टार्गेट त्यालाही असतंच. चार यंत्रमागांवाल्याची फाईल मग टेबलावरच राहते.

प्राधान्य क्षेत्राला, म्हणजे शेती, छोटे उद्योग अशांना ४० टक्के कर्ज देण्याचं बंधन आहे ना, असं तू म्हणशील. आहे. पण २०१६ पासून कमी पडलेली बँक जास्त कर्ज दिलेल्या दुसरीकडून पीएसएलसी, म्हणजे प्राधान्य क्षेत्राच्या कर्जाची प्रमाणपत्रं विकत घेऊ शकते. कर्ज आणि जोखीम विकणाऱ्याकडेच राहते. नियमात बसतं, त्याला मी लबाडी म्हणणार नाही. पण स्वतः दिलेलं कर्ज आणि विकत घेतलेली प्रमाणपत्रं एका रकान्यात घालू नकोस. वार्षिक अहवालाच्या टिपांत ही खरेदी सापडेल.

आता तुझ्या अहवालात अजिबात नसलेली बाजू. कुंभारीच्या विडी घरकुलात जा. तिथल्या विड्या वळणाऱ्या बायकांसाठी कर्ज देणाऱ्यांची चढाओढ कधी वरदान, कधी गळफास. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज, असं चक्र सुरू झालं की वसुलीचे आकडे उत्तम दिसतात आणि घर पोखरतं. अशा सूक्ष्मकर्जांसाठी रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ पासूनच्या नियमात घरातले सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. आठवड्याच्या मजुरीवर चालणाऱ्या घराचं उत्पन्न कोण, कसं ठरवतं, हे तिथे विचार. हप्ते किती आणि कोणाचे, हेही. दुपारी जाऊ नकोस, त्या वेळी त्या कामात असतात.

नवा मसुदा दसऱ्याआधी पाठव. तक्ते मोठ्या अक्षरात छाप, डोळे आता साथ देत नाहीत.

तुझे,
काका