फुप्फुसांचं बीपी वाढलंय, मग इम्युनिटी वाढवू का?

"मॅडम, माझी इम्युनिटीच कमी आहे ना? म्हणूनच झालं हे." चाळिशीतल्या त्या ताई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या. पिशवीत गुळवेलीच्या काढ्याची बाटली होती, नणंदेने दिलेली.

स्क्लेरोडर्माचं, म्हणजे इम्युनिटी स्वतःच्याच शरीरावर उलटून त्वचा कडक करणाऱ्या आजाराचं, निदान जुनंच. थंड पाण्यात हात घातला की बोटं आधी पांढरीफटक, मग निळी. घरात त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. नवीन होती ती धाप. एक जिना चढला की कठड्याला धरून उभं राहायचं. खरं तर या आजारात धाप नसली तरी दरवर्षी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायची असते, ती राहून गेली होती. शेवटी हृदयाच्या उजव्या बाजूने नळी घालून दाब मोजला. फुप्फुसाच्या रोहिणीतला सरासरी दाब २० च्या वर जाऊ नये, यांचा ४४. दंडावरचं बीपी मात्र ११०/७०, त्यामुळे यजमानांना रिपोर्टच बदलला असावा असं वाटत होतं. दोन्ही दाब वेगळे, हे समजावण्यातच बराच वेळ गेला.

इम्युनिटी कमी नव्हती, भरकटली होती. तिला आवर घालणाऱ्या पेशी दुबळ्या पडल्या की मॅक्रोफेज, टी आणि बी या इम्युनिटीच्याच पेशी फुप्फुसातल्या बारीक रोहिण्यांभोवती गोळा होतात, इंटरल्यूकिन-६ सारखी सूज वाढवणारी द्रव्यं सोडतात. भिंती जाड होतात, पोकळी अरुंद होते आणि तेवढंच रक्त ढकलताना हृदयाचा उजवा कप्पा थकत जातो.

"मग इम्युनिटी दाबायचीच औषधं द्या की," यजमान म्हणाले. रास्त प्रश्न. ल्युपस या इम्युनिटी भरकटण्याच्याच दुसऱ्या आजारात अशा औषधांनी काहींचा हा दाब उतरतो. स्क्लेरोडर्मात सहसा नाही. म्हणून ताईंना रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं, त्यात बोसेंटन. त्याच्यासाठी दर महिन्याला लिव्हरची तपासणी लागते. आणि गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या पेशंटांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. मी बाटली डॉक्टरांना दाखवायला लावली. त्यांनी काढा तिथेच बंद केला.

"नणंदेला काय सांगू? रोज फोन करून विचारतात, घेतला का म्हणून."

"डॉक्टरांनी बंद केलाय म्हणा. नाहीच पटलं तर पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन या."