व्ही-क्रॉसला विंच कुठला बसवू, 9500 चा की 12000 चा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की व्ही-क्रॉस (इसुझूची पिकअप) 4x4 आहे, मुळशीकडं डोंगरउतारावर जागा घेतलीय, मागच्या पावसाळ्यात मातीच्या रस्त्यावर दोनदा रुतली, आता दुकानदार म्हणतोय विंच (गाडीच्या पुढं बसणारं, मोटरनं ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) 12000 पौंड ओढीचाच घ्या फरक थोडाच आहे, आणि स्टीलचा दोर की सिंथेटिक तेही कळत नाहीये. उत्तर आधीच सांगून टाकतो. 9500 चा चांगल्यापैकी घ्या, दोर सिंथेटिक घ्या, आणि जे पैसे वाचतील ते कप्पीवर आणि वायरिंगवर घाला. मी बरोबर उलटं केलं होतं म्हणून सांगतोय.

माझी पण व्ही-क्रॉसच, काजूची बाग चंदगड तालुक्यात. पहिला विंच घेतला तो 12000 चा, स्टीलच्या दोराचा, कारण आकडा मोठा. बसवून महिना पण झाला नव्हता, जुलैत बागेच्या उतारावर गाडी घसरली आणि डाव्या बाजूची दोन्ही चाकं चरात. समोर सहा-सात मीटरवर फणसाचं झाड. म्हटलं बरंच झालं, झाड जवळ आहे. बेल्ट गुंडाळला, हुक लावला, बटण दाबलं. दोर ताठ झाला, गाडी हातभर सरकली, विंचचा आवाज बसत बसत गेला आणि थांबलाच. परत दाबलं, परत तेच, आणि आता बॉनेटमधून प्लास्टिक जळल्याचा वास. 12000 पौंड म्हणजे जवळजवळ 5440 किलो, गाडी माणसं-सामान धरून अडीच टन, मग ओढत का नाही हे काही डोक्यात शिरेना. शेजारच्या बागेतले आजोबा छत्री घेऊन बघत उभे होते, तरुणपणी लाकडाच्या वखारीत ओंडके ओढायचं काम केलेले. ते एवढंच म्हणाले, "कप्पी न्हाई व्हय रं तुझ्याकडं?" नव्हती. मग ट्रॅक्टर बोलावला.

तर झालं काय होतं. खोक्यावरचा आकडा असतो तो ड्रमवर दोराचा फक्त सगळ्यात खालचा थर असतानाचा. मोटर आणि गिअर ड्रमला ठरावीक पिळाची ताकद देतात, दोर जितका ड्रमच्या मध्यापासून लांब तितकी ओढ कमी. आता हिशोबच करा, ड्रम साधारण 64 मिमी जाडीचा, म्हणजे मध्यापासून 32, त्यावर 9.5 मिमीचा दोर. पहिल्या थरात दोराचा मध्य येतो 37 मिमीच्या आसपास, चौथ्या थरात तोच 65 च्या पुढं. म्हणजे चौथ्या थरावर ताकद उरली 60 टक्क्यांच्या आत, 5440 चे झाले 3100 किलो. आणि पहिल्या थरात दोर मावतो जेमतेम पाच मीटर, बाकी सगळा वरच्या थरांत, त्यामुळं 28 मीटरपैकी सात मीटर बाहेर काढला की तुम्ही अजून चौथ्या थरावरच असता. झाड जवळ आहे म्हणून मी खुश झालो होतो, आणि तेच नडलं.

दुसऱ्या बाजूनं गाडी किती जड लागते तेही बघा. चाकं हबपर्यंत (म्हणजे मध्यापर्यंत) चिखलात असतील तर ओढायला साधारण गाडीच्या वजनाइतकीच ताकद लागते, चिखल फेंडरपर्यंत (चाकावरच्या पत्र्यापर्यंत) आला की दुप्पट, वर चढ असेल तर तो वेगळा. म्हणून नियम सांगतात की आरसीवरच्या जीव्हीडब्ल्यूच्या (माणसं-माल धरून गाडीच्या कमाल वजनाच्या) दीडपट विंच घ्या. अडीच टन धरले तर 3750 किलो, म्हणजे 8300 पौंडाच्या आत. 9500 म्हणजे 4300 किलो, त्यात आरामात बसतं. तुम्ही मागं हौद्यात पाण्याची टाकी, सिमेंट वगैरे घालून फिरणार असाल तर जीव्हीडब्ल्यूचा आकडा बघून परत गुणा, माझ्यावर जाऊ नका.

आता कप्पी, बाजारात स्नॅच ब्लॉक म्हणून मागा. विहिरीवरची कप्पी फक्त दोराची दिशा बदलते, ताकद वाढवत नाही, तशी ही नाही. ही झाडाला बांधायची, विंचचा दोर तिच्यातून फिरवून परत आपल्याच गाडीच्या हुकला आणून अडकवायचा. मग गाडीला दोन दोर ओढतात, ताकद दुप्पट (घर्षणात थोडी जाते), वेग निम्मा, मोटरवर लोड निम्मा. आणि दोर दुप्पट बाहेर गेल्यामुळं ड्रमवरचे थर पण कमी होतात, म्हणजे डबल फायदा. त्या दिवशी माझ्याकडं असती तर गाडी तिथनं निघाली असती, 9500 च्या विंचनं सुद्धा.

वायरिंगचं तर बोलायलाच नको. मला ज्यानं फिटिंग करून दिलं त्यानं खोक्यातल्या केबल आखूड पडल्या म्हणून मध्ये दुसरी बारीक केबल जोडली आणि लग (केबलच्या टोकाचं धातूचं टोपण) हातोडीनं ठोकून बसवला होता. पूर्ण लोडला असले विंच 400 अँपिअरच्या पुढं करंट खातात, तुमचा अल्टरनेटर त्याच्या पावपट देईल फार तर, बाकी सगळं बॅटरीतनं. त्यात केबल बारीक म्हटल्यावर व्होल्टेज पडतं, मोटर दमते, केबल तापते, जळका वास आला तो तोच. नंतर 50 स्क्वेअर एमएमची कॉपर केबल टाकली, लग मशीननं क्रिम्प करून घेतले, अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि मध्ये आयसोलेटर स्विच (विंचचा सगळा करंट तोडणारा). आयसोलेटर घ्याच, सॉलिनॉइड (मोटरचा करंट चालू-बंद करणारा आतला स्विच) चिकटला तर विंच बटण सोडलं तरी थांबत नाही, तेव्हा वायर तोडायला पक्कड शोधत बसू नका. ओढताना इंजिन चालू ठेवायचं, आणि एका दमात मिनिटभराच्या वर दाबून धरायचं नाही, थांबू द्यायचं. मोटर सिरीज वाउंड (आत कायमच्या चुंबकाऐवजी तारेची गुंडाळी असलेली) आहे का विचारा. पर्मनंट मॅग्नेटवाली करंट कमी खाते पण लवकर तापते, दिवसातून चार वेळा ओढायचं असेल तर ती नको.

दोराबद्दल. स्टील स्वस्त, दगडावर घासलं तरी चालतं, पण त्याच्या तारा सुटतात आणि हातमोजा फाडून आत जातात, एकदा मुरगळला की कायमचा गेला. आणि ताणलेला तुटला तर काय होतं ते बघायची इच्छा नाही. सिंथेटिक हलका, तुटला तरी त्याच्यात तेवढा जोर साठत नाही, जागेवर विणून जोडता येतो. पुढच्या वजनात आठ-दहा किलो वाचतात, व्ही-क्रॉसला पुढं कॉइल स्प्रिंग आहे, विंच-प्लेट-बंपर मिळून नाक खाली बसतं, त्यामुळं तेही बघायला लागतं. पण सिंथेटिकला निगा लागते. लाल मातीचे कण विणीत जाऊन आतनं धागे कापतात, प्रत्येक वेळी वापरल्यावर बादलीत बुडवून धुवायचा. ऊन सोसत नाही, कव्हर घाला. उष्णता सोसत नाही, बऱ्याच विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आतच असतो, गाडी दोरावर टांगून हळूहळू उतरवली की ड्रम तापतो आणि खालचा थर वितळायला लागतो, तर उतरवायला शक्यतो वापरू नका. तोंडाला अ‍ॅल्युमिनियमचा हॉज फेअरलीड (दोर बाहेर यायची गुळगुळीत चौकट), रोलर नको. आणि स्टीलनं ओरखडे पडलेल्या जुन्या फेअरलीडमधून सिंथेटिक ओढू नका.

नवीन विंच आला की एक काम सगळे टाळतात. कारखान्यातून दोर सैल गुंडाळलेला असतो. पूर्ण बाहेर काढा (ड्रमवर सिंथेटिकचे आठ-दहा वेढे राहू द्या), झाडाला अडकवा, गाडी हलक्या चढावर न्यूट्रलला ठेवून स्वतःलाच ओढत आणा, म्हणजे तो ताणात बसतो. नाहीतर पहिल्याच लोडला वरचा थर खालच्यात रुतून बसतो, मग सोडवता सोडवता जीव जातो. दोर ड्रमच्या खालच्या बाजूनंच आत यायला पाहिजे, उलटा गुंडाळला तर ब्रेक धरत नाही.

बंपरचं जरा जपून. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं बुलबार आणि क्रॅशगार्डच्या विरोधात राज्यांना पत्र पाठवलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा आधार घेऊन. मोठा लोखंडी बंपर लावून पुण्यात रोज फिरणार असाल तर कुठल्या तरी चौकात थांबवतीलच, शिवाय एअरबॅगच्या सेन्सरचा प्रश्न. मी ओरिजिनल बंपरच्या मागं बसणारी प्लेट करून घेतली, कोल्हापुरात उद्यमनगरला 8 मिमी पत्रा कापून, चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांना 10.9 ग्रेडच्या बोल्टनी. वेल्डिंग करतो म्हणणाऱ्याला चासीला हात लावू देऊ नका. इंटरकूलरची (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीची) हवा अडत नाही ना ते बघा. ही माझी दुसरी फिटिंग आहे आणि हिच्यावर आत्तापर्यंत तीनदा निघालोय, दोनदा कप्पी लावून.

बाकी सामानात झाडाला लावायचा रुंद बेल्ट (दोर थेट झाडाला गुंडाळला की साल जाते, झाड मरतं), 4.75 टनाचे दोन बो शॅकल (दोर-बेल्ट जोडायच्या लोखंडी कड्या), जाड हातमोजे, आणि ओढताना दोरावर टाकायला ओलं पोतं किंवा डॅम्पर. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) चुकूनही काही अडकवू नका, तो तुटून उडाला की गोळीच. आणि गावातली पोरं गोळा होतातच, त्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा, दोर ओलांडणाऱ्याला ओरडा, वाईटपणा आला तरी चालेल.

एक मात्र विचारतो, दोनदा रुतली तेव्हा टायरची हवा किती होती? 35 पीएसआयवर मातीत गेला असाल तर आधी 18-20 पर्यंत उतरवून फोर-लो मध्ये (चारही चाकं, हळू पण जोराचा गिअर) बघा, अर्ध्या वेळा विंचची गरजच पडत नाही, फक्त डांबरावर यायच्या आधी परत भरायला छोटा कॉम्प्रेसर लागेल.

तुम्ही जागेचा जो फोटो पाठवलाय त्यात फाटकाच्या वरच्या वळणावर एकही झाड दिसत नाही, आणि रुतायची जागा तीच. झाड नाही तिथं स्टेपनी खड्ड्यात पुरून तिला ओढतात, पण पावसात फावडं घेऊन तेवढा खड्डा कोण खणणार. जागा तुमचीच आहे, तर उन्हाळ्यातच त्या वळणाच्या वर वीसेक मीटरवर चार-पाच फूट खोल चर मारून एक जुना लोखंडी गर्डर आडवा पुरा, त्याला जाड साखळी बांधून टोक वर काढून ठेवा. जेसीबी रस्ता करायला येईल तेव्हाच त्याच्याकडनं करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.