पूरविम्यामुळे पुराचं नुकसान खरंच कमी होतं का? आमचं घर कोल्हापुरात पंचगंगेजवळ आहे.

विमा पाणी अडवत नाही, पण पाणी ओसरल्यावर कर्ज काढायची वेळ टळते. वेगळी पूरपॉलिसी शोधू नका. १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पूर धरलेलाच असतो. शिवाय घराच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत (कमाल १० लाख) घरातलं सामानही येतं. पावसाळ्याआधीच घ्या. पाणी उतरलं की चिखल धुण्याआधी भिंतीवरची पाण्याची खूण, फ्रिज आणि त्याच्या मागचा नंबर यांचे फोटो काढा. दाव्याच्या वेळी हेच कामी येतात.

नुकसान मुळात कमी होतं ते नियोजनाने. नदीच्या पूररेषा नकाशावरची निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतली. निळीच्या आत भराव टाकून बांधलेली प्रत्येक इमारत पाणी शेजारच्या घरात ढकलते, याचा मला मनापासून राग येतो. अमेरिकेत १९९० पासून पूरक्षेत्र मोकळं ठेवण्यासारखे उपाय करणाऱ्या गावांतल्या रहिवाशांना पूरविम्याच्या हप्त्यात ४५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते. आपल्याकडेही असं व्हायला हवं.

आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर (इशारा पातळी) गेली की सामान वर हलवायला लागा. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका.