रग्बी चॅम्पियनशिपमधे घरच्या टीमवर डोळे झाकून पैसे लावावेत का?

अजिबात नको. १६ ऑगस्ट २०२५ ची एलिस पार्कची मॅच आठवा, दक्षिण आफ्रिका घरच्या मैदानावर पहिल्या वीसेक मिनिटांतच २२-० पुढे होती, सगळ्यांना वाटलं विषय संपला, आणि ऑस्ट्रेलियाने ३८-२२ ने मारली राव! तिथं ते १९६३ नंतर पहिल्यांदा जिंकले, तेही जोहान्सबर्गच्या त्या विरळ हवेत जिथं पाहुण्यांना दम लागतो. ऑकलंडच्या ईडन पार्कचं मात्र वेगळं आहे, तिथं ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंडची टीम, १९९४ नंतर हरलेले नाहीत, पण त्यामुळेच तिथं भाव इतका कमी मिळतो की हातात काही उरत नाही, आणि हँडिकॅप घेतलं तर नुसतं जिंकून भागत नाही, ठरलेल्या फरकाने जिंकावं लागतं. टीम जाहीर झाल्याशिवाय तर काही ठरवूच नका, दक्षिण आफ्रिकेचा कोच इरास्मस बरेचदा अर्धी टीम बदलतो. भारतात असाल तर २०२५ च्या कायद्याने पैशांचं ऑनलाइन गेमिंग बंदच आहे, तेव्हा फक्त मॅच बघा, न्यूझीलंडमधल्या संध्याकाळच्या मॅचेस आपल्याकडे भर दुपारी लागतात, जेवता जेवता मस्त बघून होतात.