विहिरीजवळ फवारणीचा पंप धुतला तर औषध पाण्यात उतरतं का? जमिनीत ते किती दिवस राहतं?

तुम्ही विचारलंय की मुरबाडला भातातल्या खोडकिड्यासाठी क्लोरपायरीफॉस आणि नंतरच्या भेंडीवर तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड मारता, पंप विहिरीच्या कठड्यापाशी धुता. जिवाणूंचं कल्चर टाकलं तर विष लवकर जाईल का, आणि ते पाणी प्यावं का?

आधी धुण्याची जागा बदला, आजच. शेतभर पडलेला फवारा पातळ असतो, तो माती पचवते. एकाच जागी पुन्हा पुन्हा ओतलेलं तिला पचत नाही. हिशोब करा: इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएलच्या एका लिटरमध्ये साधारण २०० ग्रॅम औषध असतं, म्हणजे ५ मिलीत १ ग्रॅम. विहीर ४ मीटर व्यासाची आणि पाणी ४ मीटर असेल तर ते झालं ५० हजार लिटर. तो १ ग्रॅम सगळा उतरला तर लिटरमागे २० मायक्रोग्रॅम. बाटलीबंद पाण्याच्या भारतीय मानकात एका कीटकनाशकाला लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. झाकणभर सांडलं की २०० पट!

दोन्ही औषधांचा स्वभाव उलटा आहे. क्लोरपायरीफॉस मातीला घट्ट चिकटतं. ते खाली फारसं झिरपत नाही, पण पहिल्या जोरदार पावसात गढूळ पाण्याबरोबर ओढ्यात जातं आणि मासे, चिंबोऱ्या मारतं. निम्मं व्हायला दोन आठवडे ते चार महिने लागतात. आपल्याकडची लाल माती आम्लधर्मी असल्याने ते आपोआप फुटण्याचा वेग कमी, काम जिवाणूंवरच येतं. आणि फुटल्यावर तयार होणारं ट्रायक्लोरोपिरिडिनॉल जिवाणूंनाच मारक असतं. रोज धुण्याच्या जागेत विष साचत जातं ते यामुळेही. इमिडाक्लोप्रिड मात्र पाण्यात विरघळून खाली उतरतं. उघड्या पाण्यात ऊन त्याला लवकर फोडतं, विहिरीच्या अंधारात ते टिकून राहतं.

विकतच्या कल्चरवर माझा भरवसा नाही. बाहेरचे जिवाणू मूळच्यांपुढे तग धरत नाहीत. तुमच्या मातीतल्यांना खाऊ घाला: कुजलेलं शेणखत, ओलावा, हवा.

धुवणासाठी बायोबेड करा, म्हणजे औषध पचवणारा पेंढा-मातीचा खड्डा. स्वीडनमध्ये १९९३ पासून वापरतात. विहीर आणि ओढ्यापासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला २ मीटर लांब, १ मीटर रुंद, ६० सेंमी खोल खड्डा. तळाला १० सेंमी चिकणमाती चोपून बसवा, आपल्याकडे खाली जाड ताडपत्रीही घाला. वर ५० सेंमी मिश्रण: निम्मा कापलेला भाताचा पेंढा, पाव भाग कंपोस्ट, पाव भाग शेतातली वरची माती. महिनाभर ओलं ठेवून मुरू द्या, मग वर गवत लावा. पेंढ्यावर वाढणारी पांढरी बुरशी लिग्निन (पेंढ्याला कडक करणारा घटक) फोडते, त्याच विकरांनी (एन्झाइमांनी) औषधाचे रेणूही फुटतात. मिश्रणाची मूठ दाबली तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. छप्पर हवंच, पावसाने डबकं झालं की हवा संपते, बुरशी मरते. तांब्याचं बुरशीनाशक यात धुऊ नका: ते बुरशी मारतं आणि तांबं कधीच विघटित होत नाही. पंप तीनदा विसळा. पहिली दोन धुवणं पिकावरच फवारा, तिसरं बेडवर शिंपडून. पेंढा खचेल, दरवर्षी नवा घाला.

पाणी उकळून इमिडाक्लोप्रिड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) जंतूंसाठी हवंच, पण क्लोरीनमुळे क्लोरपायरीफॉसचं ऑक्सॉन बनतं, आणि ते जास्त विषारी आहे. तपासणीचा अहवाल येईपर्यंत पिण्यासाठी, विशेषतः लहान मुलांसाठी, दुसरीकडचं पाणी आणा. गावात होणाऱ्या नेहमीच्या तपासणीत कीटकनाशकं दिसत नाहीत. प्रयोगशाळेला एलसी-एमएस आणि जीसी-एमएस या यंत्रांवर कीटकनाशकांचे अवशेष तपासा असं सांगा, दोन्ही औषधांची नावं लिहून द्या. नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत १ लिटर, बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवा. एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि एकदा भेंडीच्या फवारणीनंतर.