मे महिन्यात मुलांना न्यायचं कुठे? आधी घड्याळ बघा, मग नकाशा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पुण्याहून पणजीला येऊन वर्षही झालेलं नाही, मुलगा नऊचा, मुलगी पाचची, सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात आणि गाडी बहुतेक दिवस यजमानांकडे. मिरामारला तीनदा जाऊन झालं आणि आता मुलंच म्हणतात, "परत समुद्र नको." खरं सांगू? इथल्या मुलांचंही तेच असतं. माझा जन्म पणजीतला, दोन मुलं इथेच वाढवली, आता नातीला घेऊन फिरते. मे महिन्यात उठून किनाऱ्यावर जावं असं आमच्या घरात कुणाच्या मनात सहसा येत नाही.

जागा ठरवण्याआधी वेळ ठरवा. इथे पारा तेहतीस-चौतीसच्या वर फारसा चढत नाही, म्हणून पुण्याच्या माणसाला वाटतं, हे काय ऊन! पण पुण्यात सावलीत गेलं की बरं वाटतं, इथे सावलीतही घाम वाळत नाही. मुलं अकराच्या सुमाराला एकदम मलूल होतात आणि मग दिवसभर किरकिर. आमचा नेम असा, सकाळी सातला घर सोडायचं आणि साडेनऊ-दहाला परत यायचं, नाहीतर सरळ संध्याकाळी पाचनंतर निघायचं. मधला वेळ घरात, किंवा छप्पर आणि एसी असेल तिथे.

तुमच्याकडे गाडी नाही याचं मला वाईट वाटत नाही, कारण तुमच्यासाठी सगळ्यात चांगली गोष्ट गाडीशिवायच होते. ती म्हणजे फेरीबोट. पणजीच्या धक्क्यावरून मांडवी नदीपलीकडच्या बेतीला जाणारी फेरी पायी माणसाला फुकट आहे. पाच-सात मिनिटांचा प्रवास, पण पाच वर्षांच्या मुलीला त्यात काय काय दिसतं बघा: साखळदंडांवर खाली येणारी लोखंडी फळी, स्कूटरवाल्यांची घाई, दोरखंड फेकणारा खलाशी, वाळूच्या आणि मासळीच्या होड्या. सासूबाईंना कडेच्या बाकावर बसवा. पलीकडे पोचल्यावर उतरलंच पाहिजे असंही नाही, त्याच फेरीने परत या. संध्याकाळी सहाला आम्ही कितीदा असे नुसते गेलो-आलो आहोत. माझ्या वयाच्या लोकांना मात्र फेरीचं एवढं अप्रूप नाही. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी शाळेत होते. पुढची काही वर्षं पलीकडच्या माणसांची शाळा, नोकरी, दवाखाना सगळं त्या फेरीवर आणि तेही पावसात. माझ्या मोठ्या बहिणीला आजही फेरीच्या इंजिनाचा वास आला की परीक्षेची धडकी भरते.

मुलाला नुसत्या फेरीने समाधान होणार नाही. त्याला बेतीहून रिक्षाने रेईश मागूशच्या किल्ल्यावर न्या. १५५१ सालचा किल्ला, १९९३ पर्यंत तुरुंग होता, मग नीट दुरुस्त करून २०१२ मध्ये लोकांसाठी उघडला. आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. मोठ्यांना त्यातली गंमत कळते आणि मुलांना त्यातली मोठाली नाकं आवडतात. तटावरून समोर अख्खी पणजी दिसते, तिथे त्याला तुमचं घर शोधायला लावा. सोमवारी बंद असतो आणि चढण आहे, त्यामुळे सासूबाईंना त्या दिवशी घरीच राहू दे.

दुसरी फेरी जुन्या गोव्याहून दिवाडी बेटाची. व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता थेट धक्क्यावर जातो. दिवाडीत बघायला 'पॉइंट' काही नाही आणि तेच बरं आहे. बांधावरून चालायचं, एवढंच. पण चालताना मुलाला मानस दाखवा. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीत, खाडीचं खारं पाणी आत शिरू नये म्हणून बांधात लाकडी दारं बसवलेली असतात, त्यांना मानस म्हणतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपसूक मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना माणूस. माझ्या नातीने तिथे बसून पाऊण तास घालवला, मला ऊन लागलं तरी ती हलेना. रायबंदरहून चोडण बेटावर गेलात तर सलीम अली पक्षी अभयारण्य धक्क्याला लागूनच आहे. पण परदेशी पाहुणे पक्षी हिवाळ्यात येतात, मेमध्ये त्यांच्या आशेवर जाऊ नका. खारफुटीच्या मुळांत चिखलावर सरपटणारे मासे आणि एक नांगी मोठी असलेले खेकडे मात्र आहेत. मुलांना पक्ष्यांपेक्षा तेच जास्त आवडतात. डासांचं मलम लावूनच जा.

आता झरी. याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण बाहेरून आलेल्यांना हे कुणी सांगत नाही. आमचे डोंगर आणि पठारं जांभ्या दगडाची. हा दगड सच्छिद्र, पावसाचं पाणी पिऊन घेतो. खाली चिकणमातीचा थर लागला की पाणी अडतं आणि डोंगराच्या पायथ्याला झर होऊन बाहेर येतं. म्हणूनच मेमध्ये विहिरीचा तळ दिसत असताना कुठेतरी भर झाडीत थंड पाणी वाहत असतं. पूर्वी सुट्टीत आजी आम्हा भावंडांना घेऊन झरीवर न्हायला जायची. झरीचं पाणी अंगाला चांगलं, डोळ्यांना चांगलं, असं ती म्हणायची. डोळ्यांचं मला माहीत नाही, पण तिथून आल्यावर दुपारभर जी झोप लागायची तशी पुन्हा कधी लागली नाही.

तुम्हाला जवळची म्हणजे साळगावची साल्मोना आणि पोंबुर्फाची झर. दोन्ही मांडवीपलीकडे बार्देश तालुक्यात. दक्षिणेकडे वेर्ण्याजवळ केसरव्हाळची झर जुन्या काळापासून नावाजलेली. झरीवर सकाळी लवकर आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. रविवारी तिथे दारूच्या बाटल्या घेऊन आलेली टोळकी असतात, मग बायका-मुलांना बरं वाटत नाही. आणखी दोन गोष्टी. पाण्यात साबण, शाम्पू वापरू नका, खालच्या बाजूला कुणीतरी तेच पाणी वापरत असतं. आणि पायऱ्या शेवाळलेल्या असतात, मुलीला हाताला धरूनच उतरवा. सासूबाईंना खाली उतरता येणार नाही तिथे वरच बादलीभर पाणी आणून द्या, पाय सोडून बसतील. धार बारीक असेल तर निराश होऊ नका, मेच्या अखेरीला बऱ्याच झरींची तशीच असते.

समुद्र नको म्हणालात, तरी एक दिवस समुद्रासाठी ठेवाच, पण आमच्या पद्धतीने. मेमध्ये सत्तरी, डिचोली, फोंड्याकडची, म्हणजे समुद्रापासून दूरची माणसं गाड्या करून खास खाऱ्या पाण्याच्या न्हाणाला किनाऱ्यावर येतात. पावसाळ्याआधी खाऱ्या पाण्यात न्हालं की सांधे धरत नाहीत असा समज आहे. आजीबाया नऊवारीसकट कंबरभर पाण्यात बसलेल्या असतात, कुणाला कसली लाज नाही. तुमच्या सासूबाईंना यात घ्या, हा त्यांचा दिवस. करंझाळे किंवा शिरदोन बरं, तिथे गर्दी कमी. जिथे जीवरक्षक असतील तिथे त्यांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा आणि लाल झेंडा असेल तर पाय ओले करण्यापुरतंच. मेच्या शेवटी दर्या फिरतो. वरून शांत दिसतो आणि खालून ओढतो. जीवरक्षक मनोऱ्यावरून उतरले की मुलंही पाण्याबाहेर, यात आमच्या घरी वाद नसतो.

दुपारसाठी दोनच जागा सांगते. मिरामारचं विज्ञान केंद्र, आतलं दालन आणि तारांगण. बाहेरचं विज्ञान उद्यान दुपारी तव्यासारखं तापतं, ते संध्याकाळी. आणि पाटोवरचं मध्यवर्ती ग्रंथालय. १८३२ साली सुरू झालेलं, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. आता नव्या इमारतीत आहे, थंडगार, मराठी पुस्तकं भरपूर आणि मुलांसाठी वेगळा विभाग. माझ्या मुलाची अख्खी एक सुट्टी ग्रंथालयात गेली, पैसे शून्य.

ज्या रविवारी गाडी मिळेल त्या दिवशी फोंड्याकडे जा. सावईवेरे, केरी भागात कुळागरं, म्हणजे बागायती आहेत. माड, पोफळी, मिरीचे वेल, जायफळ, अननस, सगळं एकावर एक. आत शिरलं की ऊन संपतं. काही ठिकाणी पाहुण्यांना फिरवून केळीच्या पानावर जेवू घालतात, तिथे आधी फोन करून जा. बोंडल्याचं प्राणिसंग्रहालयही त्याच बाजूला, पण गुरुवारी बंद. हे मला कसं कळलं विचारू नका. दोन गाड्या भरून भाचवंडं, डब्यात पुऱ्या आणि फाटकाला कुलूप. शेवटी पुऱ्या रस्त्याकडेला खाल्ल्या आणि तांबडी सुर्ल्याला गेलो. कदंब राजांच्या काळातलं काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, शेजारी झाडीतून जाणारी नदी. मुलांनी पाण्यात दगड रचून धरण बांधलं. आजही ती त्या सहलीची आठवण काढतात, बोंडल्याची नाही. दूधसागरला मात्र मेमध्ये जाऊ नका. मेमध्ये पाणी कमी आणि जीपमध्ये धूळ खात हाडं खिळखिळी.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजारही मी सहलीतच धरते. मेमध्ये तिथे पुरुमेंत चालतं, म्हणजे पावसाळ्याची बेगमी: सुक्या मिरच्या, सोलां (आमसुलं), चिंच, कांद्यांच्या माळा, सुके बांगडे, गालमो (बारीक सुकी कोळंबी). बाया जमिनीवर पथारी मांडून बसलेल्या. सकाळी साडेसातला पोचा. मुलाच्या हातात शंभर रुपये द्या आणि सांग म्हणावं, यात काय काय आणतोस. माझी नात एकदा करवंदं, चुन्नां ही रानफळं आणि एक मातीचं भांडं घेऊन आली आणि वर वीस रुपये परत. मानकुराद आंबा सुरुवातीला घेऊ नका, मेच्या मध्याला दर माणसात येतो. तुम्ही हापूसवाले, पहिल्यांदा नाक मुरडाल. दुसऱ्या फोडीनंतर बोलू.

आणि एक राहिलंच. या दिवसांत गावोगावच्या देवळांचे वर्धापन दिन असतात. रात्री देवळापुढे मंडप घालून गावचीच माणसं मराठी नाटक करतात. दिवसा बँकेत दिसणारा माणूस रात्री संभाजी असतो. तिकीट नसतं, कुणी कुठला म्हणून विचारत नाही. वर्तमानपत्रात आतल्या पानावर बारीक अक्षरात 'आजचे कार्यक्रम' येतात, ते बघत राहा. नाटक जाहीर वेळेच्या तासभर तरी उशिरा सुरू होतं, म्हणून जेवूनच जा, सासूबाईंसाठी घडीची खुर्ची घ्या आणि मुलांसाठी चादर. दुसऱ्या अंकाला दोघंही झोपलेली असतील.