सॅक्स शिकण्यासाठी पुस्तके कोणती वाचावीत आणि सॉफ्टवेअर कोणते वापरावे?

आपण ठाण्यात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असून प्रकल्पासाठी सिलिकाच्या नॅनोकणांचा सॅक्स डेटा, म्हणजे लघुकोन क्ष-किरण प्रकीर्णनाची (नमुन्यातून अगदी लहान कोनांत विखुरलेल्या क्ष-किरणांवरून कणांचे आकारमान काढण्याच्या पद्धतीची) मोजमापे, लवकरच हाती येणार आहेत. तेव्हा कोणती पुस्तके वाचावीत आणि महागडे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागेल का, असे आपण विचारले आहे. विकत काहीही घ्यावे लागणार नाही. नवी मुंबईतील एका प्रयोगशाळेत मी कोलॉइडवर काम करते, त्यामुळे माझ्या उत्तराचा कल कणांकडे आहे. प्रथिनांविषयी थोडे शेवटी लिहिले आहे.

सॉफ्टवेअर उतरवून घेण्यापूर्वी कोऱ्या कागदावर थोडे गणित करावे, असा माझा आग्रह आहे. समजा, आपले कण १० नॅनोमीटर त्रिज्येचे घन गोल आहेत. गोलाची परिभ्रमण त्रिज्या (कणाचे द्रव्य केंद्रापासून सरासरी किती दूर पसरले आहे याचे माप) ही त्याच्या त्रिज्येच्या सुमारे ०.७७५ पट असते, म्हणजे येथे ७.७५ नॅनोमीटर. ही त्रिज्या डेटावरून काढण्याचे गिनिए यांचे सूत्र क्यू (प्रकीर्णनाचा कोन वाढेल तशी वाढणारी राशी) आणि परिभ्रमण त्रिज्या यांचा गुणाकार साधारण १.३ च्या आत असेपर्यंतच विश्वासाने वापरता येते. म्हणून तीव्रतेचा लॉगॅरिथम आणि क्यूचा वर्ग यांच्या आलेखावर सरळ रेषा शोधायची ती क्यू ०.१७ प्रति नॅनोमीटरच्या खालीच. अशा गोलाच्या वक्रातील (क्यूनुसार तीव्रता दाखवणाऱ्या आलेखातील) पहिला खळगा क्यू गुणिले त्रिज्या ४.४९ होईल तेथे, म्हणजे ०.४५ प्रति नॅनोमीटरच्या आसपास, येतो. आपल्या वक्रात तो खळगा बुजलेला दिसला, तर कणांची आकारमाने एकसारखी नाहीत किंवा उपकरणाने वक्र पुसट केला आहे, असे समजावे. सर्वांत मोठे मोजता येणारे आकारमान अंदाजे पाय (π) भागिले सर्वांत लहान क्यू इतके असते, उपकरण ०.१ प्रति नॅनोमीटरपासून मोजत असेल, तर ही मर्यादा सुमारे ३१ नॅनोमीटर होते. आपले कण १०० नॅनोमीटर व्यासाचे निघाले, तर अशा उपकरणावरचा डेटा कितीही सुबक दिसला तरी त्यातून व्यास काढू नये. एवढे गणित साध्या स्प्रेडशीटमध्ये होते, आणि ते स्वतः केलेला विद्यार्थी पुढे सॉफ्टवेअरने दिलेल्या कोणत्याही आकड्यावर निमूटपणे विश्वास ठेवत नाही.

वाचनात पहिला क्रमांक मी ब्रायन पॉ यांच्या २०१३ मधील ‘एव्हरीथिंग सॅक्स’ या दीर्घ आढावालेखाला देते. तो विनामूल्य वाचता येतो आणि मोजमाप कसे घ्यावे, त्यात कोणकोणत्या दुरुस्त्या कराव्यात, हे इतक्या नेटकेपणाने इतरत्र क्वचितच सापडते. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने वाचण्याचा हा मजकूर नव्हे, वहीपेन घेऊन बसावे लागते. सिद्धान्तासाठी ग्लाटर आणि क्राट्की यांनी संपादित केलेला १९८२ चा ग्रंथ अजूनही आधाराचा आहे. गिनिए आणि फूर्ने यांचे १९५५ चे पुस्तक सूत्रांची मूळ मांडणी पाहावीशी वाटली तरच उघडावे.

आता सॉफ्टवेअर. आपल्या कामासाठी सॅसव्ह्यू पुरेसे आहे. ते मुक्त स्रोत असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. गोल, कवचयुक्त गोल, दंडगोल, थर अशी अनेक प्रारूपे त्यात तयार असतात, आणि प्रत्येक प्रारूपाच्या मदतपानावर त्याचे सूत्र दिलेले असते. ते पान न वाचता फिट करणे, म्हणजे प्रारूप डेटावर जुळवणे, मला तरी गैर वाटते. सोबत सरावाचा डेटाही मिळतो. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेचे सॅसफिट हाही विनामूल्य पर्याय आहे. अर्गोन प्रयोगशाळेतील यान इलाव्स्की यांचे इरेना आणि निका हे संच उत्तम आहेत, परंतु ते इगोर प्रो या विकतच्या सॉफ्टवेअरवर चालतात; महाविद्यालयाकडे त्याचा परवाना नसेल तर त्यांचा विचार सोडून द्यावा. डिटेक्टरवरील द्विमितीय चित्रापासून वक्र स्वतः काढायचा असेल, तर ग्रनोबल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉन केंद्राचे पायफाय वापरावे, मात्र त्यासाठी पायथनची तोंडओळख हवी.

फिटविषयी एक सावधगिरी मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण नवशिक्यांचे प्रकल्प-अहवाल वाचताना मला ती वारंवार आठवते. कमी-अधिक त्रिज्यांचे गोल आणि एकाच मापाचे किंचित लांबट कण यांचे वक्र जवळजवळ सारखे येऊ शकतात, त्यामुळे दोन्ही प्रारूपे तितकीच चांगली बसतात आणि केवळ सॅक्सवरून त्यांतील एक निवडता येत नाही. अशा वेळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चार चित्रे वादाचा निकाल लावतात. आकारमानांचे वितरण शोधायचे असेल आणि कण गोल असल्याची खात्री असेल, तर मॅकसॅस हे मॉन्टे कार्लो पद्धतीचे (यादृच्छिक बदल करत उत्तर शोधणारे) साधन पाहावे. ते वितरणाचा साचा आधीच गृहीत धरत नाही.

प्रथिनांचे काम असलेल्यांची वाट वेगळी आहे. तेथे हॅम्बुर्गच्या ईएमबीएल संस्थेत विकसित झालेला अ‍ॅटसॅस हा संच, जो शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य असतो, किंवा बायोझटास रॉ हे मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे. रॉचे पाठ इतके टप्प्याटप्प्याने लिहिले आहेत की शिक्षकाशिवाय शिकता येते. आपला एखादा मित्र खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी प्रथिनांवर काम करत असेल, तर त्याला सॅसबीडीबी हा खुला डेटासंग्रहही सुचवावा. तेथील प्रसिद्ध झालेले वक्र उतरवून स्वतः पुन्हा सोडवता येतात.

शेवटी, मोजमाप दुसऱ्या संस्थेत होणार असेल, तर नमुने पाठवतानाच काही गोष्टी लेखी मागून ठेवाव्यात: नमुन्याबरोबरच रिकाम्या कॅपिलरीचे आणि त्याच कॅपिलरीत भरलेल्या निव्वळ द्रावकाचे मोजमाप, या तिन्हींचे पारगमन गुणांक (क्ष-किरणांचा किती अंश आरपार गेला ते), क्यूचे एकक प्रति अँगस्ट्रॉम आहे की प्रति नॅनोमीटर (दहा पटींचा फरक पडतो), आणि क्यूचे अंशांकन सिल्व्हर बेहेनेट या प्रमाण पदार्थाने केले होते का. पारगमन गुणांक नसतील, तर द्रावकाची पार्श्वभूमी योग्य प्रमाणात वजा करता येत नाही, आणि मोठ्या क्यूकडचा वक्राचा उतार, ज्यावरून आपण कणांचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत हे ठरवणार, तो चुकीचा येतो. केवळ वजाबाकी करून दिलेली फाइल न स्वीकारता मूळ फाइलीही घ्याव्यात.